रविवारी गार पडणारा दगड

संस्थेच्या मागच्या गल्लीत सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. पाठ शेकायची रांग वेगळी, गुडघे टेकवायची वेगळी आणि ज्यांना नुसता हात लावून कामावर पळायचंय त्यांची तिसरी. सगळ्यांच्या पुढे संस्थेच्या कुंपणाची भिंत, त्या भिंतीत हातभर उंचीवर बसवलेला एक काळा चौकोनी दगड, आणि दगडाशेजारी स्टुलावर शेकबाबा.

"ढकलाढकली नको. दगड कुठे पळून जात नाही. पळतात ते रोग," शेकबाबा सांगायचा. "कुणाचा गुडघा? कुणाची कंबर? बाई, तुमचं दुखणं कमरेत नाही, काळजीत आहे. काळजी कमरेत उतरते, कंबर दगडाला लावली की काळजी दगडात उतरते. दगडाला कंबर नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही."

नऊच्या सुमाराला तो सगळ्यांना गप्प करायचा. दगडावर तीनदा फुंकर मारायचा आणि डोळे मिटून बसायचा. थोड्या वेळात, पहाटेपासून जेमतेम कोमट असलेला दगड खरोखर तापायला लागायचा. भर थंडीत, ना खाली जाळ, ना वर ऊन. हात लावणारा माणूस हात मागे घ्यायचा, परत लावायचा आणि शेजारच्याकडे बघायचा. मीही लावलाय. गरम होता.

हा बाबा मूळचा वजनकाटेवाला. संस्थेच्या मागच्या फाटकाशी काटा मांडून बसायचा, वजन सांगायचा आणि वर भविष्य फुकट द्यायचा. "बासष्ट किलो, आणि येत्या महिन्यात प्रवास." वजन तरी बरोबर असायचं. दगड गरम असल्याचा शोध मात्र त्याचा नाही. तो गल्लीतल्या मांजरांचा. थंडी पडल्यावर सगळी मांजरं त्या दगडापाशी गोळा होऊन झोपायला लागली, ते याने पाहिलं, मांजरं हाकलली आणि स्टूल टाकलं.

आता आमचा या गल्लीशी संबंध काय ते सांगते. आमचे हे त्या संस्थेत मातीचे शास्त्रज्ञ. मी शाळेत गणित शिकवते. घरात तिसऱ्या माझ्या मोठ्या नणंदबाई. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून यांना वन्संनीच वाढवलं आणि शिकवलं. छापखान्यात प्रुफं तपासून त्यांनी जन्म काढला. दुकानाच्या पाटीवर काना कमी असला तरी आत जाऊन सांगून यायच्या.

आणि यांचा स्वभाव म्हणजे तोलूनमापून बोलणं. यांच्या तोंडून 'हो' किंवा 'नाही' निघायला मुहूर्त लागतो. भाजी बरी झालीय का विचारलं तर "एका घासावरून सांगता येत नाही." लग्नाआधी मी पसंत आहे का असं मी तोंडावर विचारलं, तेव्हा हे म्हणाले होते, "प्राथमिक निष्कर्ष अनुकूल आहेत." मी तो विनोद समजून लग्न केलं.

गल्लीतल्या काही शहाण्या लोकांनी संस्थेच्या संचालकांना विनंती केली, की हे काय प्रकरण आहे ते एकदा तपासा. तपमान मोजायची यंत्रं मातीवाल्यांकडे, म्हणून यांना पाठवलं. यांनी दगड खरवडून पाहिला, काही रसायन लावलंय का पाहिलं, विजेची तार आहे का पाहिलं. भिंतीलगतची माती उकरली तर तीही कोमट. हे बुचकळ्यात पडले आणि खूश झाले. शास्त्रज्ञाला या दोन्ही गोष्टी एकदम होतात.

लोक घोळका करून उभे होते. एकाने विचारलं, "साहेब, काय आहे मग हे?"

"तपासणी चालू आहे," हे म्हणाले. "कारण अजून सांगता येत नाही."

"पण काही धोका?"

"अपायकारक असं काही आढळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी स्टुलाच्या मागे पाटी लागली. 'शात्रज्ञानिही हात टेकले. कारण सांगता येत नाहि. अपाय आढळला नाहि.'

वन्सं ती पाटी वाचून घरी आल्या आणि पोट धरून हसल्या. "एका पाटीत किती चुका. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही त्याला माझी साखर काय कळणार?" वन्संना मधुमेह जुना. रोज इंजेक्शन, वर गोळ्या. पायांची जाणीव हळूहळू गेली होती. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळायचं नाही, चार पावलं गेल्यावर मागे वळून बघायच्या. मग हसणं थांबवून त्यांनी यांना विचारलं, "पण बाळ्या, हे तू खरंच म्हणालास?"

"तसंच म्हणालो. ते खरंच आहे, ताई. कारण माहीत नाही आणि अपाय दिसला नाही."

बाबाची पाटी चुकीची होती, पण भावाचं वाक्य शुद्ध होतं.

इकडे संस्थेत उत्साहाला भरती आली. वर्षभरात दाखवण्यासारखं काही घडलं नाही म्हणून संचालक कासावीस होते, त्यांना हा दगड देवासारखा पावला. दगडावर प्रकल्प निघाला. जमिनीच्या पोटातून उष्णता वर येतेय असं गृहीत धरून भिंतीलगत तपमान नोंदवणारी यंत्रं पुरली गेली. ती आपोआप नोंद घेत, हे आठवड्याला ती उतरवून आलेख काढत. आलेख घरी यायचे, जेवणाच्या टेबलावर पसरायचे, आणि मला पोळ्या कट्ट्यावर ठेवून वाढाव्या लागायच्या.

आलेखात एक गंमत होती. दगड सहा दिवस तापायचा आणि सातव्या दिवशी गार पडायचा. बाबाच्याही ते ध्यानात आलं होतं. त्याने सातव्या दिवसाला 'दगडाचं मौन' असं नाव देऊन रांग बंद ठेवली. आमच्या यांनी त्याला 'सात दिवसांचं आवर्तन' म्हटलं आणि परगावी जाऊन त्यावर भाषण दिलं. टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. बाबाने तो कापून पाटीखाली चिकटवला.

वन्संनी तो फोटो बघितला आणि त्या महिन्यात त्या दगडाकडे जायला लागल्या.

"वन्सं, तुम्ही सुद्धा?" मी विचारलं.

"अगं, इतकी मोठी माणसं त्यावर काम करतायत. बाळ्या इतके महिने त्याचे आकडे बघतोय. काही नसतं तर त्याने एवढा वेळ घालवला असता? आणि अपाय तर नाही ना. तळवे लावून बसते जरा."

मी जास्त वाद घातला नाही. का नाही घातला, तेही सांगते, कारण यांच्यावर सगळं ढकलून मी मोकळी होऊ शकत नाही. वन्सं सकाळी गल्लीत गेल्या की मला स्वयंपाकघर एकटीला मिळायचं. माझ्या वह्या तपासून व्हायच्या. मीठ कमी पडलं हे कुणी सांगायचं नाही. फ्रिजच्या दारात वन्संच्या इंजेक्शनचा डबा असायचा, तो आधी पूर्वीपेक्षा हळू रिकामा व्हायला लागला आणि नंतर अजिबात रिकामा होईनासा झाला. मला ते दिसत होतं. मी मनात म्हणायचे, मोठं माणूस आहे, त्यांचं त्यांना कळतं. त्या सुखाची मला आज लाज वाटते.

नंतर कळलं की बाबाने त्यांना सांगितलं होतं, "ताई, दगडाला शेजार चालत नाही. एका म्यानात दोन तलवारी राहतात का? सुई टोचून घेता आणि इथेही येता, मग दगड म्हणतो, जा, सुईकडेच जा." वन्संनी आधी सुई सोडली, मग गोळ्या.

उन्हाळा आला. थंडीतली गर्दी ओसरेल असं मला वाटलं होतं, पण दगड पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागला आणि बाबाने जाहीर केलं की दगड पूर्ण जागा झालाय. बाकीचे लोक चटका बसला की पाय काढून घ्यायचे. वन्संना चटका बसत नव्हता. त्या पाय लावून बसायच्या, पेपर वाचायच्या आणि पेपरातल्या चुका शेजारणीला दाखवायच्या. बाबा म्हणायचा, "बघा, श्रद्धा असली की चटका लागत नाही."

एका दुपारी मी शाळेतून आले तर घरात वास येत होता. मी कचऱ्याचा डबा पाहिला, ओटा पाहिला. वन्सं पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या आणि मोजा निघत नाही म्हणून ओढत होत्या. मी तो पाण्याने भिजवून काढला. उजव्या पायाचा तळवा सोललेला होता आणि दोन बोटं काळी पडली होती.

"दुखत नाही गं," वन्सं म्हणाल्या. "उगाच घाबरू नकोस."

डॉक्टरबाई घरी आल्या. त्यांनी पाय पाहिला, रक्तातली साखर पाहिली आणि मला बाजूला न घेता तिथेच बोलल्या. "हे भाजलेलं आहे. थोडं थोडं, रोज. जाणीव नाही म्हणून कळलं नाही, आणि साखर एवढी वाढलीय की जखम भरणार नाही. आजच्या आज दवाखान्यात दाखल व्हा. बोटं जातील. उशीर केलात तर पाय जाईल, आणि त्याच्याही पुढे उशीर केलात तर मला बोलवू नका."

"दगडाने भाजत नाही," वन्सं म्हणाल्या. "यातून विकार बाहेर पडतोय. आधी चिघळतं, मग बरं होतं."

"कोण म्हणालं?"

"बाबा तर म्हणतातच, पण त्यांचं सोडा. तो कसा माणूस आहे ते मला दिसतं. माझा भाऊ म्हणाला, अपाय नाही. सगळं आयुष्य त्याने मोजण्यात घालवलंय. त्याला विचारा."

हे दारातच उभे होते. डॉक्टरबाईंनी यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस एक सरळ वाक्य बोलेल.

"ताई, तू दवाखान्यात जा," हे म्हणाले. "दगडाचं... अजून निश्चित असं..."

"बघा," वन्सं डॉक्टरबाईंना म्हणाल्या आणि पाय पांघरुणात ओढून घेतला. "निश्चित झालं की जाईन."

डॉक्टरबाई जखम बांधून बाहेरच्या खोलीत चिठ्ठी लिहायला बसल्या. त्यांना जागा करून द्यावी म्हणून मी टेबलावरचे आलेख गोळा करायला लागले. तेवढ्यात माझी नजर त्या सातव्या दिवसाच्या खड्ड्यांवर गेली. आलेखावर वार नव्हते. पहिला दिवस, दुसरा दिवस असे नुसते आकडे होते. वार लिहिणं शास्त्रीय नसतं म्हणे. पण माझ्या शाळेचं वेळापत्रक समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. मी पहिल्या दिवसाची तारीख विचारली आणि बोटाने मोजत गेले.

"अहो, हे खड्डे रविवारचे आहेत."

हे आलेखावर वाकले.

"सगळे रविवारचे. आणि हा एक मधलाच आहे, आठवड्याच्या मध्ये. तेव्हा तुमचे जुने संचालक वारले आणि संस्था बंद होती. आमच्या शाळेनेही सुट्टी दिली होती." मी कागद खाली ठेवला. "पृथ्वीला कुठून कळलं तुमचे संचालक वारले ते?"

डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं.

"तुमच्या संस्थेत असं काय आहे, जे तुम्ही कामावर असलात की तापतं?" मी विचारलं.

यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "शीतगृह," ते हळूच म्हणाले.

थंडी पडायच्या थोडं आधी संस्थेने बियाणं साठवायला मोठं शीतगृह बांधलं होतं. आतली खोली गार करायची तर तिथली उष्णता कुठेतरी बाहेर टाकावी लागते, एवढं शाळेतल्या मुलांनाही कळतं. आपल्या फ्रिजची मागची बाजू गरम असते ती त्याचमुळे; इथे ती उष्णता पाण्याबरोबर पाइपाने बाहेर जायची. कामाच्या दिवशी नऊ वाजता माणसं येतात, दार सारखं उघडतं, यंत्राला जोर लावावा लागतो. रविवारी दार बंद, यंत्र आरामात. उन्हाळ्यात यंत्र अखंड चालतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. मध्यंतरी एका रविवारी नोंदयंत्राची बॅटरी बदलायला गेलो होतो. मागच्या बाजूला रोज घरघर असते, ती त्या दिवशी बंद होती आणि दगड गार होता. तेव्हा डोक्यात आलं."

"मध्यंतरी म्हणजे?"

"उन्हाळा लागायच्या आधी."

वन्संचा पाय तेव्हा धड होता.

"मग बोलला का नाहीत?"

"वर्षाचा अहवाल तोंडावर आला होता. प्रकल्प पुरा होऊ द्यावा असं वाटलं. आणि नुसत्या शंकेवरून बोलायचं कसं? खात्री करायला हवी होती."

"खात्री करायला काय लागलं असतं?"

हे खाली बघत म्हणाले, "बीवाल्यांना विचारावं लागलं असतं."

हे ऐकून कुणाला हसू येईल, म्हणून खुलासा करते. संस्थेत मातीचा विभाग आणि बियाण्यांचा विभाग यांच्यात एका खिडकीवाल्या खोलीवरून भांडण झालं होतं. तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. भिंतीतून गरम पाणी तेवढं जात होतं. मातीचे शास्त्रज्ञ म्हणून मिरवणाऱ्यांनी अशी माती खाल्ली होती, आणि त्याची किंमत आतल्या खोलीत पलंगावर बसली होती.

डॉक्टरबाई उठल्या. "मला तुमच्या खोल्यांशी कर्तव्य नाही. बाई तुमच्या शब्दावर अडून बसल्यात. तुम्हीच त्यांना उठवा. तासाभरात मला त्या दवाखान्यात दिसल्या पाहिजेत."

हे आत गेले. मी दाराशी उभी राहिले. यांनी वन्संच्या पायाशी बसून सांगितलं, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदाच यांच्या तोंडून पूर्ण वाक्यं ऐकली. "ताई, मी चुकलो. तो दगड आमच्या शीतगृहाच्या गरम पाण्याने तापतो. त्यात कसलीही शक्ती नाही. त्याने तुझा पाय भाजलाय. मला शंका आली होती आणि मी गप्प बसलो."

वन्सं सरळ होऊन बसल्या. "आता मला दवाखान्यात न्यायला म्हणून सांगतोयस. काल विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

हे पांघरुणाचं टोक सारखं करायला लागले.

"मला दाखव," वन्सं म्हणाल्या. "दवाखान्याच्या वाटेवरच आहे ना संस्था? दाखव, मग येते."

आम्ही त्यांना गाडीत घालून गल्लीच्या तोंडाशी आणलं आणि खुर्चीवर बसवून दगडापाशी नेलं. डॉक्टरबाई घड्याळ बघत सोबत आल्या. संध्याकाळची रांग लागलेली होती. हे आत, बियाणं विभागाच्या मॅडमकडे गेले. तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. यांनी हात जोडून शीतगृहाचं यंत्र थोडा वेळ बंद करायची विनंती केली आणि मॅडम म्हणाल्या, "एवढंच ना? दार बंद ठेवलं तर बियाण्याला काही होत नाही. गरम पाण्याचा पाइप त्या भिंतीतूनच बागेच्या टाकीकडे गेलाय. उद्घाटनाला पाहुणे येणार होते, पाइप दिसायला नको म्हणून वरून गिलावा केला. इतके महिने तुमचे लोक भिंतीपाशी काय करतायत याचं आम्हाला नवल वाटायचं. आम्हाला वाटलं, आमची गळती शोधून तक्रार करताय."

मॅडमनी यंत्र बंद केलं आणि त्याच पाइपात नळाचं गार पाणी सोडलं. हे बाहेर आले, वन्संचा हात धरून दगडावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता हा गार होईल."

रांगेत कुजबुज झाली. शेकबाबाने यांच्याकडे पाहिलं आणि वजनकाटेवाल्याचा धंदेवाईक अंदाज बांधला. तो उभा राहिला. "दगड सगळं ऐकतो. अविश्वासाने बोट लावलं तर रागावतो. मग माझ्याकडे येऊ नका."

दगड गार पडला. एकेकाने हात लावून पाहिला. एक बाई रडायला लागली. "रागावला," कुणीतरी म्हणालं, आणि लोक यांच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मी पर्स घट्ट धरली.

वन्संनी हात काढला नव्हता. "एकदा झालं तो योगायोग असेल," त्या म्हणाल्या. "प्रूफ दोनदा वाचतात. परत तापव."

यांनी आत खूण केली. गार पाणी बंद झालं, यंत्राची घरघर सुरू झाली. बाबाने फुंकर मारली नव्हती, तो तर स्टुलावरही नव्हता. दगड कोमट झाला, मग गरम.

"आता राग गेला का हो याचा?" वन्संनी बाबाला विचारलं. "कुणी समजूत काढली?"

कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्या एका हसण्याने गल्लीतला ताण सुटला. यांनी शिपायाकडून हातोडा मागवला आणि दगडाच्या वरचा गिलावा स्वतः फोडला. आत बोटभर जाडीचा लोखंडी पाइप, दगडाला चिकटून गेलेला. रांगेतल्या पुढच्या माणसाने त्याला हात लावला, चटकन मागे घेतला आणि मागच्यांना सांगितलं, "पाइप आहे रे."

बाबा स्टूल उचलून निघाला होता. यांनी त्याला अडवलं. "तुला लोकांना फसवताना काही वाटलं नाही?"

"मी फाटकाशी बसायचो, साहेब," तो अगदी शांतपणे म्हणाला. "पाइप घातला तेव्हा मी समोरच होतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटलं तुम्ही आलात की माझं दुकान बंद. तुम्ही आलात आणि म्हणालात, सांगता येत नाही. मग मी कशाला सांगू?"

तो लबाड होता आणि वन्संची सुई त्यानेच सोडवली होती. पुढे पोलिसांनी त्याला नेलं, त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. पण त्या क्षणी हे बाजूला झाले आणि त्याला वाट दिली. डॉक्टरबाईंनी वन्संची खुर्ची गाडीकडे वळवली.

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं गेली, तळव्याचा तुकडा गेला, पाय वाचला. चौथ्या दिवशी वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या. हे रोजच्यासारखे पायाच्या बाजूला स्टुलावर बसलेले, पायाकडे न बघता.

"खाली मान घालून किती दिवस बसणार आहेस?" वन्संनी विचारलं.

"ताई, मला माफ कर म्हणायचंही तोंड नाही."

"बोलू नकोस मग. मी बोलते. भाजत होतं तेव्हा मला कळलं नाही, कारण माझ्या पायाची जाणीव गेलेली आहे. डॉक्टरांनी मला ते समजावून सांगितलं. तुला तर कळलं होतं. तुझं काय गेलं होतं, ते मला समजत नाही रे."

हे उठून व्हरांड्यात गेले. मी मागे गेले नाही. मला तिथेच बसून वन्संचं इंजेक्शन द्यायचं होतं.

पुढे संस्थेचा वर्षाचा अहवाल निघाला. संचालकांनी दगडाच्या प्रकल्पापुढे 'पूर्ण' असा शब्द घालून विषय संपवला होता. यांनी भांडून तो शब्द काढायला लावला आणि तिथे चार ओळी लिहिल्या: उष्णता आमच्याच पाइपाची होती, हे आम्हाला वेळेवर विचारून कळलं असतं, आम्ही विचारलं नाही, त्यामुळे एका व्यक्तीला कायमची इजा झाली. संचालक म्हणाले, "असं कुणी छापतं का?" छापलं. वन्संनी त्याचं प्रूफ तपासलं आणि 'एका व्यक्तीला' खोडून 'माझ्या बहिणीला' केलं.

दरवर्षी संस्था एक दिवस लोकांसाठी खुली असते. यंदा भिंतीचा गिलावा फोडलेलाच ठेवला आणि पाइप लोकांना दिसू दिला. वन्संनी त्याच्या शेजारी खुर्ची मागितली आणि पायातला जाड बूट काढून ठेवला. आपला पाय लोकांना दाखवायला त्यांना संकोच वाटला नाही. यांना वाटला, तरी हे मागे उभे राहिले, दिवसभर.

एक म्हातारे गृहस्थ गुडघे चोळत आले. "पण बाई, शेकून बरं वाटायचं हो. खोटं कशाला बोलू?"

"वाटणारच. शेकाने वाटतंच," वन्सं म्हणाल्या. "घरी गरम पाण्याची पिशवी घ्या. साखर असेल तर आधी दुसऱ्याला हात लावून बघायला सांगा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या वेळेला घ्या. पिशवी गोळीवर रुसत नाही."

गर्दीतली एक तरुण बाई जरा तडफेने म्हणाली, "बाबा खोटा निघाला, ठीक. पण तुमचे शास्त्रज्ञही गप्प बसले. मग आम्ही विश्वास ठेवायचा कुणावर?"

हे काहीतरी बोलायला पुढे झाले. वन्संनी हाताने थांबवलं.

"कुणावरच नको," त्या म्हणाल्या. "मी माझ्या भावावर ठेवला होता, आणि तो वाईट माणूस नाही. पण मी त्याला एवढंही म्हटलं नाही, की जरा बंद करून दाखव. म्हटलं असतं तर मी आज चपला घालून आले असते. कुणीही काहीही सांगू दे, बाबा सांगू दे नाहीतर शास्त्रज्ञ. तुम्ही म्हणा, बंद करून दाखवा, चालू करून दाखवा. जो दाखवायला तयार होणार नाही, त्याच्याकडून उठून घरी जा."

मग त्यांनी यांच्याकडे न बघता हात मागे केला, आणि यांनी खाली बसून त्यांच्या पायात बूट चढवला.